पदकावरचा नट : निकोलाय चेर्कासोव्ह आणि 'इव्हान द टेरिबल'

२९ जुलै १९४२ रोजी सोव्हिएत सरकारने लष्करी अधिकाऱ्यांसाठी तीन नवी सन्मानपदके जाहीर केली. रशियन इतिहासातल्या तीन सेनानींची नावे त्यांना दिली होती : सुव्होरोव्ह, कुतुझोव्ह आणि अलेक्झांडर नेव्हस्की. पदकावर त्या त्या सेनानीची मुद्रा कोरायची होती. सुव्होरोव्ह आणि कुतुझोव्ह हे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. त्यांची त्यांच्या हयातीत काढलेली चित्रे उपलब्ध होती. नेव्हस्की मात्र तेराव्या शतकातला. तो दिसायला कसा होता हे सांगणारे एकही समकालीन चित्र नाही. पदकाचा आराखडा करणाऱ्या वास्तुविशारद तेल्यात्निकोव्हने ही अडचण सोप्या मार्गाने सोडवली. चारच वर्षांपूर्वी आलेल्या सर्गेई आयझेन्स्टाइनच्या 'अलेक्झांडर नेव्हस्की' या चित्रपटात ही भूमिका करणाऱ्या नटाची बाजूने दिसणारी मुद्रा त्याने उचलली आणि तीच पदकावर बसवली. युद्ध संपेपर्यंत हे पदक चाळीस हजारांहून अधिक वेळा दिले गेले. ज्यांना ते मिळाले ते सगळे लेनिनग्राडच्या एका नटाचा चेहरा छातीवर मिरवत होते. त्या नटाचे नाव निकोलाय कोन्स्तान्तिनोविच चेर्कासोव्ह.

ही हकीकत बहुधा गमतीचा किस्सा म्हणून सांगितली जाते. तिच्यात एक गंभीर प्रश्नही आहे. राजसत्तेला इतिहासाचा पुरावा हवा असतो; तो नसला की ती नटाकडून उसना घेते. मग त्या नटाचे काय होते? चेहरा देऊन टाकल्यावर त्याच्याकडे स्वतःचे असे काय उरते?

आपल्याकडे जागतिक चित्रपटाविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात चेर्कासोव्ह येतो तो आयझेन्स्टाइनच्या हातातली माती म्हणून. दिग्दर्शकाने आकृती रेखाटली आणि नट तिच्यात जाऊन उभा राहिला, एवढेच श्रेय त्याला मिळते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडे वेगळे आहे. 'इव्हान द टेरिबल'चा दुसरा भाग स्टालिनला सहन झाला नाही, याचे एक कारण चेर्कासोव्हच्या अभिनयात आहे. ते नीट पाहायचे तर आधी या नटाचे शरीर कुठे घडले ते पाहावे लागते.

१

चेर्कासोव्हचा जन्म १९०३ सालचा, पीटर्सबर्गचा. क्रांतीनंतरच्या उपासमारीच्या काळात, १९१९ साली, तो मारिइन्स्की या प्रख्यात ऑपेरागृहात मूक नट म्हणून लागला. या नटांना गायचे नसते, बोलायचे नसते. दरबार भरवायचा, भाले धरायचे, मिरवणुकीत चालायचे, हे त्यांचे काम. पुढे मंचावर शाल्यापिनसारखा महान गायक गात असतो आणि मागे हा नुसता उभा असतो. परंतु नुसते उभे राहणे हीदेखील एक विद्या आहे, आणि चेर्कासोव्हचे पहिले शिक्षण त्या विद्येचे झाले.

तो विलक्षण उंच होता आणि तितकाच सडपातळ. हातपाय लांबच लांब. असे शरीर घेऊन विसाव्या वर्षी कोणी राजपुत्राच्या भूमिका मागायला जात नाही. लेनिनग्राडच्या नाट्यसंस्थेत शिकत असताना त्याने दोन सोबत्यांबरोबर एक विनोदी नृत्य बसवले. त्या काळी पाट आणि पाटाशोन या डॅनिश विनोदी जोडीचे मूकपट रशियात लोकप्रिय होते; एक उंच, एक बुटका. चेर्कासोव्ह झाला पाट, बोरीस चिर्कोव्ह झाला पाटाशोन आणि प्योत्र बेरेझोव्ह झाला चॅप्लिन. हे त्रिकूट शहरात इतके गाजले, की चेर्कासोव्हची ओळख बरीच वर्षे 'तो लांबडा नाचणारा' अशीच राहिली. पुढे चिर्कोव्हही सोव्हिएत पडद्यावरचा मोठा नट झाला, हे जाता जाता नोंदवायला हवे.

१९२६ साली लेनिनग्राडच्या बालप्रेक्षक रंगभूमीवर त्याने डॉन किहोते केला. मुलांसाठीच्या त्या प्रयोगात किहोते हास्यास्पद होता, आणि ते स्वाभाविकही होते.

त्या काळाचे वातावरणही लक्षात घ्यावे. १९२०च्या दशकात पेत्रोग्राड आणि मॉस्कोचे तरुण रंगकर्मी सर्कस, जत्रेतले खेळ आणि अमेरिकी मूकपट यांनी झपाटलेले होते. ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह आणि लिओनिद त्राउबेर्ग यांनी 'विक्षिप्त नटाचा कारखाना' अशा नावाची संस्थाच काढली होती. मॉस्कोत मेयरहोल्ड नटाच्या शरीराला यंत्रासारखी शिस्त लावत होता, आणि त्याच्या हाताखाली शिकणाऱ्यांत आयझेन्स्टाइन होता. भावना आधी मनात येते आणि मग अंगात उतरते, हा क्रम या सगळ्यांनी उलटा केला होता. आधी शरीर नेमके हलले पाहिजे, भावना प्रेक्षकात निर्माण होईल, असा त्यांचा विश्वास. चेर्कासोव्ह यांच्यापैकी कोणाचा शिष्य नव्हता, पण त्याच हवेत वाढला होता.

२

या विनोदी नर्तकाचे नशीब १९३० नंतरच्या काही वर्षांत पालटले. १९३३ साली तो लेनिनग्राडच्या पुश्किन नाट्यगृहात, म्हणजे जुन्या अलेक्सान्द्रिन्स्कीत, दाखल झाला. १९३६ साली 'कॅप्टन ग्रांटची मुले' या साहसपटात त्याने विसरभोळ्या भूगोलतज्ज्ञ पागानेलची भूमिका केली. तिथे अजून पाटचेच पाय चालत होते. त्यानंतर आला झार्खी आणि खेइफित्स या जोडीचा 'बाल्टिकचा प्रतिनिधी'. यात त्याने पंचाहत्तर वर्षांचा शास्त्रज्ञ पोलेझायेव्ह उभा केला. तेव्हा त्याचे वय तेहतीस.

या म्हाताऱ्यात पुढच्या चेर्कासोव्हची बीजे आहेत. क्रांतीच्या बाजूने उभा राहिला म्हणून प्राध्यापकाला सहकाऱ्यांनी वाळीत टाकलेले असते. वाढदिवसाचे टेबल मांडून ठेवले आहे आणि कोणी येत नाही. या प्रसंगात चेर्कासोव्ह करुणा मागत नाही. तो म्हाताऱ्याला चपळ ठेवतो, चिडका ठेवतो, थोडा आढ्यताखोरही ठेवतो. आणि त्या चपळपणामुळेच रिकाम्या खुर्च्या जास्त जाणवतात. तरुण नट म्हातारा करायला गेला की बहुधा पाठ वाकवून आवाज कापरा करतो. चेर्कासोव्हने वय हा एक ताल मानला. हे नर्तकाचे काम होते.

त्याच सुमाराला व्लादिमीर पेत्रोव्हच्या 'पीटर द फर्स्ट' या द्विभागी चित्रपटात तो पीटरचा मुलगा, युवराज अलेक्सेई झाला. दुबळा, घाबरट, देवभोळा, बापाच्या नव्या रशियाला भिणारा आणि शेवटी बापाच्याच आज्ञेने मारला जाणारा. राज्याच्या भल्यासाठी बलवान राजाने स्वतःच्या मुलाचाही बळी द्यावा, हे त्या चित्रपटाचे उघड तात्पर्य आहे. १९३७ आणि १९३८ ही मोठ्या धरपकडीची वर्षे होती. त्या वर्षांत पडद्यावर हे तात्पर्य सांगितले जात होते आणि बळी जाणाऱ्याचे अंग चेर्कासोव्हचे होते.

लगेच आला 'अलेक्झांडर नेव्हस्की'. आयझेन्स्टाइनची तेव्हाची अवस्था बिकट होती. त्याचा 'बेझिन मेडो' १९३७च्या मार्चमध्ये अर्ध्यावर थांबवण्यात आला होता. 'नेव्हस्की' ही त्याला मिळालेली शेवटची संधी होती. जर्मन शूरशिलेदारांना १२४२ साली गोठलेल्या सरोवरावर हरवणारा राजपुत्र, हा विषय हिटलरच्या काळात कशासाठी निवडला होता हे सांगायला नको. बर्फावरची ती लढाई ऐन उन्हाळ्यात, मॉस्कोतल्या स्टुडिओच्या आवारात, खोटे बर्फ पसरून चित्रित झाली. प्रोकोफिएव्हचे संगीत आणि एदुआर्द तिस्सेचे छायालेखन यांनी तिला अजरामर केले.

पण नेव्हस्कीची भूमिका आज पाहताना एक गोष्ट खटकते. चेर्कासोव्ह तिच्यात जवळजवळ हलतच नाही. तो उभा राहतो, दूर पाहतो, गंभीर आवाजात बोलतो. हसणे, भांडणे, प्रेमात पडणे, जखमी होणे ही सगळी माणसासारखी कामे बुस्लाई आणि गाव्रिलो या दोन सहनायकांना वाटून दिली आहेत. ओख्लोप्कोव्हचा बुस्लाई पडद्यावर आला की जीव येतो. नेव्हस्की आला की स्मारक येते. मारिइन्स्कीत भाला धरून उभा राहणारा मूक नट पुन्हा उभा राहिला होता, फक्त या वेळी मध्यभागी. पदकासाठी ही मुद्रा इतकी सोयीची का ठरली, याचे उत्तर इथेच आहे. पडद्यावर होती तेव्हाच ती धातूची होती.

चित्रपटाचे नशीबही सत्तेच्या हातात राहिले. १९३९च्या ऑगस्टमध्ये जर्मनीशी करार होताच तो चित्रपटगृहांतून काढून घेतला गेला. १९४१च्या जूनमध्ये हिटलरने आक्रमण केल्यावर तो परत लागला. नट तोच, चेहरा तोच. कधी दाखवायचा आणि कधी झाकायचा ते दुसरे कोणी ठरवत होते.

३

'इव्हान द टेरिबल'ची कल्पना आयझेन्स्टाइनला १९४१च्या जानेवारीत वरून सुचवली गेली. सोळाव्या शतकातला हा झार रशियन लोकस्मृतीत क्रौर्यासाठी प्रसिद्ध. पण त्या दशकात त्याला एकसंध रशियाचा शिल्पकार म्हणून उजळवण्याची मोहीमच सुरू होती. अलेक्सेई टॉल्स्टॉयने त्याच्यावर नाटके लिहिली. मॉस्को आर्ट थिएटरचा थोर नट निकोलाय ख्मेल्योव्ह १९४५च्या नोव्हेंबरमध्ये त्यांतल्याच एका नाटकाच्या तालमीत, इव्हानच्या वेषात असतानाच मरण पावला. इव्हान ही त्या काळी नटांना नेमून दिलेली भूमिका होती.

युद्धामुळे स्टुडिओ मॉस्कोतून हलवून कझाकस्तानातल्या अल्मा-आताला नेले होते. १९४३च्या एप्रिलमध्ये तिथे चित्रीकरण सुरू झाले. दिवसा वीज कारखान्यांना लागायची, म्हणून काम रात्री चाले. जड पोशाख, चिकटवलेली दाढी, बदललेले नाक आणि कपाळ, आणि रात्रभर दिव्यांखाली उभे राहणे.

आयझेन्स्टाइनने चित्रीकरणाआधीच शेकडो आकृत्या रेखाटून ठेवल्या होत्या. प्रत्येक दृश्यात इव्हानची मान किती वळेल, खांदा कुठे असेल, दाढीचे टोक कोणत्या दिशेला रोखलेले असेल, हे कागदावर आधीच ठरलेले होते. ती शरीरे माणसाची नव्हती. एल ग्रेकोच्या चित्रांसारखी ताणलेली, पिळवटलेली होती. नटाला त्या रेषेत जाऊन बसायचे होते. चेर्कासोव्हने पुढे, १९५३ साली निघालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात, या पद्धतीविषयी स्पष्ट नाराजी नोंदवली. चित्राच्या चौकटीच्या मोहात दिग्दर्शक नटाला अवघडलेल्या स्थितीत ताटकळत ठेवी आणि त्यामुळे आतून येणारा अभिनय कोंडला जाई, असे त्याच्या तक्रारीचे सार आहे.

ही साक्ष जपून वाचायला हवी. ती आली तेव्हा आयझेन्स्टाइन हयात नव्हता, दुसरा भाग बंदीत होता आणि 'रूपवादी' ही शिवी होती. बंदी आलेल्या दिग्दर्शकावर रूपवादाचा ठपका ठेवणे नटाच्या सोयीचे होते, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही तक्रार खोटी मानण्याचे कारण नाही. पडद्यावर ते अवघडलेपण डोळ्यांना दिसते. प्रश्न एवढाच, की ते चित्रपटाचे वैगुण्य आहे की बळ?

४

पहिल्या भागातली दोन दृश्ये घेऊ. आजारी इव्हान मरणशय्येवर आहे. त्याच्या तोंडावर भलामोठा पवित्र ग्रंथ उघडून ठेवला आहे, आणि त्याच्या कडेखालून एक डोळा सरदारांना टिपतो आहे. राजा मरतो आहे की मरण्याचे सोंग करतो आहे? चेर्कासोव्ह याचा निकाल देत नाही. पुढे उठून तो एकेका सरदारापुढे विनवणी करतो, मुलाशी इमान राखा म्हणतो, कोसळतो. त्या कोसळण्यात युवराज अलेक्सेईचे सगळे दुबळेपण परत आलेले दिसते. इव्हानच्या अंगात नेव्हस्की आणि अलेक्सेई, मारणारा आणि मारला जाणारा, एकत्र नांदतात. ते या नटाच्या अंगात आधीपासून होते.

दुसरे दृश्य राणी अनास्तासियाच्या शवपेटीपाशी. एकीकडे धर्मगुरू स्तोत्र वाचतो आहे, दुसरीकडे माल्युता फितुरांची यादी वाचतो आहे आणि मध्ये इव्हान शवपेटीला बिलगून खाली घसरतो. उंच माणूस कोसळतो तेव्हा तो हप्त्याहप्त्याने कोसळतो. विनोदी नटाला हे ठाऊक असते, कारण पडण्यातून हसू काढणे हा त्याचा धंदा. चेर्कासोव्हने तेच पडणे शोकासाठी वापरले. मग अचानक तो ताठ होतो, आणि ते ताठ होणे पडण्यापेक्षा भीतीदायक वाटते.

दुसऱ्या भागात या दोन हालचाली एकाच क्षणात येतात. माल्युताने कोलिचेव्ह घराण्यातल्या माणसांची मुंडकी उडवली आहेत. प्रेते अंगणात पडली आहेत. इव्हान बाहेर येतो. टोपी काढतो, वाकतो, क्रूसाची खूण करतो. क्षणभर वाटते, की हा माणूस हादरला. आणि मग त्याचे बोट प्रेतांकडे रोखले जाते आणि तो एकच शब्द उच्चारतो : कमीच!

या दृश्याविषयी लिहिताना सहसा त्या शब्दाकडे लक्ष जाते. माझ्या मते त्याचा खरा भार आधीच्या वाकण्यावर आहे. ते वाकणे खोटे असते, तर दृश्य नुसते ढोंगी राजाचे झाले असते. ते खरे असते आणि शब्द आला नसता, तर पश्चात्तापदग्ध राजाचे झाले असते. चेर्कासोव्ह खरेच वाकतो, आणि तरीही तो शब्द येतो. पश्चात्ताप आणि पुढच्या खुनाची भूक एकाच पाठीत आहेत. इथे ते अवघडलेपण उपयोगी पडते. कागदावरच्या रेषेने जखडलेले शरीर आणि त्या रेषेतून सुटू पाहणारे शरीर यांची ओढाताण आपल्याला दिसत राहते, आणि ती सत्तेच्या आतली ओढाताण म्हणून वाचता येते. नट सुखाने त्या मुद्रेत मावला असता, तर इव्हानही 'नेव्हस्की'सारखाच पदकावर जायला योग्य झाला असता.

शेवटच्या मेजवानीत पडदा एकाएकी रंगीत होतो. लाल आणि सोनेरी रंगांत इव्हानचे खासे शिपाई बेभान नाचतात. इव्हान भोळ्या व्लादिमीरला दारू पाजतो, गंमत म्हणून त्याला राजवस्त्रे घालतो, सिंहासनावर बसवतो आणि त्याच्यापुढे वाकतो. व्लादिमीरला तो मान आवडू लागला आहे हे ज्या क्षणी त्याच्या लक्षात येते, त्या क्षणी चेर्कासोव्हच्या चेहऱ्यावरची गंमत विझते. मग तो व्लादिमीरला त्याच वेषात कॅथीड्रलकडे पाठवतो, जिथे खुद्द झारला मारण्यासाठी मारेकरी दबा धरून बसलेला असतो. राजाचे कपडे घालून राजाच्या जागी मरणारा माणूस, हा प्रसंग एका नटाने वर्षानुवर्षे राजांचे कपडे घालून झाल्यावर केलेला आहे. हे ठाऊक असले, की त्या दृश्याकडे पाहताना अंगावर काटा येतो.

५

पहिला भाग १९४५च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. त्याला पुढच्या वर्षी पहिल्या दर्जाचे स्टालिन पारितोषिक मिळाले; आयझेन्स्टाइनबरोबर चेर्कासोव्हलाही. २ फेब्रुवारी १९४६ रोजी दुसऱ्या भागाचे संकलन संपवून आयझेन्स्टाइन त्या पारितोषिकाच्या मेजवानीला गेला, तिथे नाचताना त्याला हृदयविकाराचा झटका आला. तो इस्पितळात असतानाच दुसरा भाग वर पाहिला गेला. ४ सप्टेंबरच्या पक्षाच्या ठरावात त्याचा निषेध झाला. इव्हानचे शिपाई अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लॅनसारखे दाखवले आहेत आणि दृढनिश्चयी झारला हॅम्लेटसारखा कच्च्या मनाचा केला आहे, असा आक्षेप होता.

दिग्दर्शक आणि नट या दोघांनी मिळून स्टालिनला पत्र लिहून भेट मागितली. २५ फेब्रुवारी १९४७च्या रात्री अकरा वाजता ती क्रेमलिनमध्ये झाली. समोर स्टालिन, मोलोतोव्ह आणि झ्दानोव्ह. संभाषणाची जी नोंद उपलब्ध आहे ती त्याच वेळी घेतलेली नाही. दोघांनी नंतर सांगितल्यावरून बोरीस आगापोव्हने ती लिहून घेतली. तरीही एवढ्या जवळून सत्तेने केलेली चित्रपटसमीक्षा दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळेल.

झ्दानोव्हला दाढी खुपली. इव्हान ती दाखवण्यासाठी सारखी मान वर करतो, असे त्याचे म्हणणे. पुढे दाढी छोटी करण्याचे आयझेन्स्टाइनने कबूल केले. स्टालिनचा आक्षेप अधिक खोल होता. इव्हान क्रूर होता, ते दाखवायला हरकत नाही. पण क्रूर होणे का आवश्यक होते तेही दाखवा, असे तो म्हणाला. इव्हानची चूक त्याच्या मते अशी, की त्याने पाच मोठी सरदार घराणी संपवायची शिल्लक ठेवली. आणि तसे होण्याचे कारण? देव आडवा आला. एखाद्या घराण्याचा निकाल लावायचा आणि मग वर्षभर पश्चात्ताप आणि प्रार्थना करत बसायचे. त्याने अधिक निर्धाराने वागायला हवे होते.

अंगणातले ते दृश्य या शेऱ्याशेजारी ठेवून पाहा. बोट रोखण्याला आणि 'कमीच' म्हणण्याला स्टालिनची मुळीच हरकत नव्हती. तोही तेच म्हणत होता. त्याला नको होते ते त्याआधीचे वाकणे. आणि वाकणे हा पटकथेतला संवाद नाही, संकलनातली करामत नाही. ते नटाच्या पाठीचे काम आहे. हॅम्लेट म्हणून ज्याला नावे ठेवली गेली तो इव्हान आयझेन्स्टाइनने कल्पिला हे खरे. पण पडद्यावर तो चेर्कासोव्हच्या शरीरात आहे.

मग चेर्कासोव्हने बंड केले असे म्हणायचे का? नाही. त्या रात्री त्याने काय विचारले ते नोंदीत आहे. व्लादिमीरचा खून ठेवता येईल का? माल्युता धर्मगुरू फिलिपचा गळा दाबतो ते दाखवावे का? दोन्हींना होकार मिळाला. हे प्रश्न एका व्यवहारी माणसाचे आहेत; चित्रपटातले जेवढे वाचवता येईल तेवढे वाचवावे, असे त्यांतून दिसते. त्याच वर्षी त्याला 'सोव्हिएत संघाचा लोककलावंत' ही सर्वोच्च पदवी मिळाली. तो सोव्हिएत संसदेचा सदस्यही झाला. त्याच्या पिढीतल्या इतरांचे काय झाले ते आठवले, की या यशाची किंमत कळते. मेयरहोल्डला १९४० साली गोळी घातली गेली. ज्यू रंगभूमीचा अध्वर्यू सोलोमन मिखोएल्स याचा १९४८च्या जानेवारीत मिन्स्कमध्ये सत्तेच्याच हुकमाने खून झाला. चेर्कासोव्ह जगला, मानाने जगला. त्याला वीर ठरवायला जागा नाही, आणि आपण सुरक्षित घरात बसून त्याला लाचार ठरवणेही मला शोभत नाही. म्हणणे एवढेच, की नटाची मते आणि नटाचे शरीर एकाच गोष्टीची साक्ष देतीलच असे नाही. चेर्कासोव्हचे शरीर त्याच्या मतांपेक्षा अधिक खरे बोलले.

आयझेन्स्टाइनने सुचवलेल्या दुरुस्त्या कधी केल्या नाहीत. ११ फेब्रुवारी १९४८ रोजी, पन्नाशी ओलांडून तीनच आठवडे झाले असताना, तो गेला. तिसऱ्या भागाचे जे चित्रीकरण झाले होते ते तुरळक तुकडे वगळता नष्ट करण्यात आले.

६

१९५०-५१च्या हिवाळ्यात चेर्कासोव्ह भारतात आला होता. बरोबर होता दिग्दर्शक पुदोव्हकिन, ज्याने 'इव्हान'च्या पहिल्या भागात वेडसर फकिराची छोटी भूमिका केली होती. या दौऱ्यावर चेर्कासोव्हने प्रवासवर्णनही लिहिले. सोव्हिएत कलेचे प्रतिनिधी म्हणून दोघांचा इथे सत्कार होत होता, तेव्हा त्या नटाचे सर्वांत मोठे काम मॉस्कोत कुलपात होते.

स्टालिन १९५३ साली मेला. १९५६च्या फेब्रुवारीत पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात ख्रुश्चेव्हने त्याच्या गुन्ह्यांचा पाढा वाचला. १९५७ साली कोझिन्त्सेव्हचा 'डॉन किहोते' आला. किहोते होता चेर्कासोव्ह आणि सांचो होता युरी तोलुबेयेव्ह. पटकथा येव्गेनी श्वार्त्सची. चेर्कासोव्हचा हा पहिला किहोते नव्हे. मुलांच्या रंगभूमीवरच्या १९२६च्या प्रयोगानंतर १९४१च्या मार्चमध्ये, बुल्गाकोव्हच्या मृत्यूनंतर वर्षभराने, त्याच्या 'डॉन किहोते'चा प्रयोग पुश्किन नाट्यगृहात झाला होता, तेव्हाही किहोते हाच होता. आणि आता 'विक्षिप्त नटाचा कारखाना' काढणाऱ्या कोझिन्त्सेव्हने त्याला पुन्हा बोलावले. दोघेही पन्नाशीच्या आसपास पोचले होते.

या किहोतेत ते लांब हातपाय अखेर नटाला परत मिळाले आहेत. तो अडखळतो, पडतो, हास्यास्पद दिसतो; पाटचे पाय पुन्हा चालू लागतात. पण सरदाराच्या वाड्यात सगळा दरबार त्याला खेळणे करून हसतो, तेव्हा चेर्कासोव्ह ताठ उभा राहतो, आणि या ताठपणात पुतळा कुठे नाही. 'नेव्हस्की'त ताठपणा सत्तेचा होता. इथे तो ज्याच्याकडे कसलीच सत्ता नाही अशा माणसाचा आहे. राजवस्त्रे चढवून व्लादिमीरची चेष्टा करणाऱ्या इव्हानच्या जागी बसलेला नट आता चेष्टा सोसणाऱ्याच्या जागी आला आहे. तिथून त्याचा चेहरा जास्त उघडा दिसतो.

'इव्हान'चा दुसरा भाग त्यानंतर, १९५८च्या सप्टेंबरमध्ये, लोकांपुढे आला. म्हणजे सोव्हिएत प्रेक्षकाने चेर्कासोव्हला उलट्या क्रमाने पाहिले; आधी वेडा म्हातारा सरदार, मग वाकून बोट रोखणारा झार. आज दोन्ही चित्रपट आपण हव्या त्या क्रमाने पाहू शकतो. माझी सूचना अशी, की 'नेव्हस्की', 'इव्हान'चा दुसरा भाग आणि 'डॉन किहोते' हे तिन्ही लागोपाठ पाहावेत, आणि दिग्दर्शकाकडे थोडे दुर्लक्ष करून फक्त त्या उंच माणसाच्या पाठीकडे पाहावे. ती कधी ताठ होते, कधी वाकते आणि कोणापुढे वाकते, एवढे पाहिले तरी त्या देशाच्या वीस वर्षांचा इतिहास बराचसा हाती लागतो.

चेर्कासोव्ह १४ सप्टेंबर १९६६ रोजी लेनिनग्राडमध्ये वारला. त्याला पुरले ते तिख्वीन कब्रस्तानात. दोस्तोयेव्हस्की आणि चायकोव्हस्की जिथे आहेत, तेच हे कब्रस्तान. ते ज्या मठाचे आहे त्याचे नाव अलेक्झांडर नेव्हस्की मठ.